ओल्यासुक्याची पंगत

आमच्या सोसायटीला यंदा स्वच्छतेची ढाल मिळाली. ती घ्यायला सगळी कार्यकारिणी गेली होती. ओला डबा कोणता आणि सुका कोणता हे ज्यांना घरी बायकोला विचारावं लागतं, ते फोटोत सगळ्यात पुढे आहेत. आता स्मरणिका निघते आहे, आणि संस्थापक सभासदांपैकी चालताबोलता मी एकटाच उरलो असल्यामुळे ‘आपली हरित वाटचाल’ या विषयावर दोन पानं लिहून द्यावीत अशी मला विनंती झाली आहे. नमुना म्हणून मागची स्मरणिकाही सोबत दिली. तिच्यात एक वाक्य आहे की सोसायटीत खताची सुरुवात करणारे एक ज्येष्ठ सभासद ‘वैयक्तिक कारणास्तव’ मुलीकडे राहायला गेले. ते वाक्य माझंच आहे. वैयक्तिक कारण वगैरे काही नव्हतं. आम्ही त्यांना घालवलं. तेव्हा ही दोन पानं त्यांच्यावर. छापायची की नाही ते संपादक मंडळानं बघावं. ह्या वयात मला कोणी कार्यकारिणीवरून काढू शकत नाही, कारण तिथे मी नाहीच.

नाव लिहीत नाही. ते आमच्यात राहत होते तेव्हाही त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे. मोठी माणसं पाठीमागे ‘खतवाले’ म्हणायची, मुलं तोंडावर ‘कूडा अंकल’ म्हणायची. आमच्या दिल्लीत वाढलेल्या मुलांना केर आणि उकिरडा हे शब्द माहीत नव्हते, कूडा माहीत होता. खतवाल्यांना ह्या हाकेचा राग नव्हता. एखादं पोर तसं ओरडलं की ते थांबत आणि गंभीरपणे विचारत, “गीला या सूखा?” मग पोरानं हातातलं केळ्याचं साल किंवा वेफर्सचं पाकीट दाखवायचं आणि त्यांनी डब्याकडे बोट करायचं.

आम्ही बहुतेक सगळे लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समधले. निवृत्त झाल्यावर पुण्याला जायचं हे प्रत्येकाचं पक्कं होतं, म्हणून सगळ्यांनी मिळून दिल्लीतच सोसायटी काढली. जमीन मिळाली यमुनेपलीकडे, पटपडगंजच्या बाजूला. इमारती उभ्या राहिल्या तेव्हा देश नुकताच खुला झाला होता. वर्तमानपत्रं तसं म्हणायची. आम्हांला मात्र ते केरावरून कळलं.

तोवर आमच्या घरांतून केर म्हणून निघायचं ते काय, थोडी धूळ आणि भाजीची देठं. रद्दी आणि बाटल्या कबाडी न्यायचा, तेलाच्या डब्यात डाळ जायची, जुन्या साडीची दुपटी व्हायची. अचानक खोकी आली. रंगीत टीव्हीचं खोकं, धुण्याच्या यंत्राचं खोकं, आणि त्यांच्या पोटातला तो पांढराशुभ्र थर्माकोल. ही खोकी कोणी लगेच टाकत नसे. ती जिन्यात ठेवायची, कंपनीचं नाव बाहेरच्या बाजूला करून, म्हणजे चढणाऱ्या-उतरणाऱ्याला अडखळून का होईना ते वाचावं लागे. आमच्या अध्यक्षांच्या टीव्हीचं खोकं जिन्यात इतकं मुक्कामाला होतं की पोस्टमन त्यावर पत्रं ठेवायला लागला. मला हसण्याचा अधिकार नाही. आमच्या फ्रीजचं खोकं त्याच्या शेजारीच होतं.

ह्या वैभवाच्या दिवसांत ते गृहस्थ आमच्यात आले. एका सरकारी अतिथिगृहात खानपानाची व्यवस्था बघण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. इतर लोक मोठमोठ्या माणसांना चेहऱ्यानं ओळखत, हे ताटावरून ओळखत. कोणा पुढाऱ्याचं नाव निघालं की त्यांचा अभिप्राय ठरलेला असे, “भाषण चांगलं करतात, पण भात टाकतात.” पंगत उठल्यावर जे उरतं ते रोज बघून बघून ह्या माणसाच्या डोक्यात काहीतरी कायमचं सरकलं असावं असं आमचं मत होतं. जातपात त्यांनी आयुष्यात पाळली नाही, त्यांच्या चुलीशी कोणीही यावं. पण सालं, देठं, चहाचा चोथा ही ओली मंडळी आणि कागद, काच, पत्रा ही सुकी मंडळी एका पंगतीत बसलेली त्यांना खपत नसे. “दोन्ही बिघडतात हो,” असं ते कळवळून सांगत, जणू आमच्या मुलांच्या संगतीबद्दल बोलत आहेत. घरोघरचं सोवळं सुटत चाललं असताना त्यांनी सगळा सोवळेपणा ह्या एका ठिकाणी खर्च केला.

फ्लॅटांच्या सोडतीत मला तळमजला निघाला होता. डास, गटार, चोर, तिन्ही तिथेच येतात म्हणून आमची ही रडायचीच राहिली होती. ते आपण होऊन आमच्याकडे आले आणि बदल्यात स्वतःचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट देऊ केला. आम्हांला वाटलं, माणूस भोळा आहे. त्यांना हवी होती ती फ्लॅटच्या मागची जागा. इमारत आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये मातीची एक लांब पट्टी होती. तिथे त्यांनी खड्डे खणले. एक भरत असायचा, एक मुरत असायचा, एक रिकामा होत असायचा. सकाळी ते घरोघर जाऊन ओली बादली मागत. बायको गेलेली, मुलगी लग्न होऊन गेलेली. एवढं करायला घरात कोणी अडवणारं नव्हतं.

त्यांच्या जुन्या पँटी कधी वाया गेल्या नाहीत. एकेक पाय कापून, खालून शिवून, वर बंद लावून ते पिशव्या करत. डावा पाय भाजीला, उजवा किराण्याला. भाजीवाला पॉलिथिनची पिशवी पुढे करायचा आणि हे त्याच्यापुढे पँट उघडायचे. आमच्यापैकी कोणी बाजारात असलं तर कोथिंबिरीचे भाव विचारत दुसऱ्या टोकाला जायचं. लग्नाकार्याला ते खिशात वाटी आणि चमचा घेऊन येत. थर्माकोलच्या ताटलीत गुलाबजाम वाढायला आलेल्याला ते नम्रपणे वाटी दाखवत, आणि यजमानाची मान खाली जायची. ह्यात अपमान करायचा हेतू नसे, हीच त्यातली अडचण होती. हेतू असता तर भांडता आलं असतं.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे चुकीच्या डब्यात गेलेली वस्तू ते घरी आणून देत. धुऊन, पुसून, कागदात गुंडाळून. संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, बेल वाजवायचे आणि म्हणायचे, “तुमचं काहीतरी राहिलं होतं.” कोणाचा फुटका बल्ब, कोणाचे संपलेले सेल, कोणाच्या औषधाच्या बाटल्या. कोणाला मूळव्याध आहे आणि कोणाचा उपास खरा नाही हे त्यांना सगळं ठाऊक असणार. कधी एक शब्द कुठे बोलले नाहीत. पण आपल्या केराला मालक असतो हेच आम्हांला नको होतं. टाकलं की ते कोणाचंच नसावं, एवढ्याचसाठी तर माणूस टाकतो.

अध्यक्षांचं प्रकरण ह्यातूनच झालं. अध्यक्ष उपसचिव म्हणून निवृत्त झालेले, गणपतीत साधेपणावर सुंदर बोलायचे. त्यांच्या मुलाला पुण्याची मुलगी सांगून आली होती, आणि मुलीचे आईवडील दिल्लीत घर बघायला आले होते. मी सचिव, म्हणून मलाही चहाला बोलावलं होतं. क्रोकरी नवी, बिस्किटं परदेशी, सोफ्यावर अजून प्लॅस्टिक. बोलणी जमत आली होती आणि बेल वाजली.

“तुमचं काहीतरी राहिलं होतं,” ते म्हणाले आणि कागद सोडला. आत एक चकचकीत घासलेला पितळी डबा होता. “डबा चांगला आहे, असा फेकू नका. चिवडा मात्र खवट झाला होता, तसाच बांधलेला होता हो, उघडलाच नव्हता कोणी. तो खड्ड्यात घातला.”

मुलीच्या आईनं डब्याकडे पाहिलं. झाकणावर त्यांच्या घराण्याचं नाव कोरलेलं होतं. दिवाळीत कोणाबरोबर तरी त्यांनीच तो फराळ पाठवला होता, आणि अध्यक्षांच्या सौभाग्यवतींनी चिवडा फार आवडल्याचं पत्र लिहिलं होतं. त्या बाई एवढंच म्हणाल्या, “पोहे पातळ होते, टिकत नाहीत. लगेच खायचे असतात.” लग्न झालं, तसं काही अडलं नाही. पण पुण्याहून पुन्हा चिवडा आला नाही, आणि अध्यक्षांना सोसायटीच्या मागच्या बाजूनं वास यायला लागला.

त्याच सुमाराला सगळ्यांकडे मोटारी यायला लागल्या होत्या. ज्यांनी आयुष्यभर बसच्या दांड्याला लोंबकळून ऑफिस गाठलं, ते निवृत्तीनंतर मोटार घ्यायला लागले, म्हणजे आता कुठे जायचं नव्हतं तेव्हा. मीही एक पांढरी छोटी गाडी नोंदवली होती. गाड्या ठेवायला जागा हवी होती, आणि जागा एकच होती, मागची पट्टी. पण नुसतं पार्किंग हवं म्हणून एका माणसाचं काम मोडणं बरं दिसलं नसतं. वासानं आमची सोय केली.

खड्डे बुजवायच्या ठरावासाठी रविवारी सकाळी गच्चीवर सर्वसाधारण सभा भरली. ते स्टीलच्या ताटात मुरलेलं खत घेऊन आले. ताट सभेत फिरवलं, प्रसाद फिरवतात तसं, आणि म्हणाले, “घ्या, वास घ्या.” सगळ्यांनी घेतला. चहाच्या पत्तीसारखी काळी, मोकळी माती होती ती. वास होता तो मातीचा.

“वास येत नाहीये, मग ठराव कशाचा?” त्यांनी विचारलं.

“येण्याची शक्यता आहे,” अध्यक्ष म्हणाले. “बिल्कुल शक्यता आहे. वर राहणाऱ्या लोकांचाही विचार करायला हवा ना.”

तेव्हा खतवाल्यांनी ताट माझ्यासमोर धरलं. मी त्यांच्या अगदी डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर राहत होतो, त्यांनीच दिलेल्या फ्लॅटमध्ये. “सचिवसाहेब, तुम्ही सांगा,” ते म्हणाले. “तुमच्या स्वयंपाकघराची खिडकी माझ्या खड्ड्यांवर आहे. तुम्हांला येतो?”

खड्डे तेव्हापासून तिथे होते जेव्हा आमची भिंत अजून ओली होती, आणि मला एकदाही वास आला नव्हता. उलट हिचा कढीपत्ता त्यांच्या खतावर असा वाढला होता की अर्ध्या सोसायटीला पुरायचा. मी ताटात नाक घातलं, म्हणजे वेळ काढला. गाडी पुढच्या आठवड्यात येणार होती.

“थोडा येतो,” मी म्हणालो.

ते वाद घालतील असं वाटलं होतं. त्यांनी ताट काखेला लावलं, म्हणाले, “अच्छा. मग बोलणंच खुंटलं,” आणि जिना उतरून गेले. सभा पुढे चालली. गाड्यांच्या जागा वाटून दिल्या, समोसे आले.

खड्डे त्यांनी स्वतः उपसले, मजूर लावू दिला नाही. निघालेलं खत घरोघर नेऊन दिलं, आम्हांलाही. दार मी उघडलं नाही, हिनं उघडलं. मग म्हणाली, “त्यांचं खत चालतं, आणि ते आले की तुम्ही न्हाणीघरात जाऊन बसता.” अध्यक्षांनी आपल्या वाट्याचं खत फाटकाजवळ पसरून हिरवळ लावली आणि तिच्याभोवती तार ओढली. मागच्या पट्टीवर सिमेंट पडलं. जिथे मुरणारा खड्डा होता, तिथे नेमकी माझी गाडी उभी राहायला लागली. हा योगायोग होता. पण ही तसं मानायला आजतागायत तयार नाही.

वर्ष सरायच्या आत ते फ्लॅट भाड्यानं देऊन मुलीकडे गुडगावला गेले.

हिनं मला तिकडे पाठवलं. कढीपत्त्याची जुडी हातात दिली आणि म्हणाली, जाऊन या. गाडी असून मी बसनं गेलो, का ते सांगायला नको. तेव्हा गुडगावला सरसोच्या शेतांतून काचेच्या इमारती वर येत होत्या. मुलगी आणि जावई परदेशी कंपन्यांत, घर उंचावर, खाली संगमरवर, गणवेशातला रखवालदार. ते बाल्कनीत बसले होते. माझ्याशी नेहमीसारखे बोलले, हीच शिक्षा होती. मला घर दाखवलं, आणि सगळ्यात शेवटी बाहेरच्या व्हरांड्यातली पत्र्याची एक झडप.

“इथे सगळं ह्याच्यात टाकायचं,” ते म्हणाले. “साल, काच, उष्टं, बाळाचे लंगोट, सगळं. धडधड करत खाली जातं. खाली काय होतं, कोणालाच ठाऊक नाही. मी रखवालदाराला विचारलं, तो म्हणाला, बाबूजी, आप क्यों टेंशन लेते हो. इथे एकच पंगत.”

त्यांनी त्या झडपेत अजून एकदाही काही टाकलं नव्हतं. सालं बाल्कनीत सांडग्यांसारखी वाळत घालून बघितली, शेजारणीनं तक्रार केली. मग ती फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात जमा व्हायला लागली. जावई समजूतदार होता, पण त्याला टोमॅटो ठेवायला जागा राहिली नव्हती. मुलीनं मला चहा देताना हळूच सांगितलं, “काका, बाबांना काहीतरी समजवा ना, प्लीज. ह्यांनी आता शेवटचं सांगितलंय, ह्या रविवारी सगळं झडपेत जाणार.” म्हातारा माणूस दुसऱ्याच्या घरात काय हट्ट करणार. त्यांनी कप्पा रिकामा केला, पँटच्या पायाची जड पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “घेऊन जाल का? तुमच्याकडे जमीन आहे.”

आमच्याकडे सिमेंट होतं, हे त्यांनाही माहीत होतं. नाही म्हणायचं धैर्य मात्र मला तेव्हाही झालं नाही. गुडगाव ते पटपडगंज मी ती पिशवी मांडीवर घेऊन आलो. दिल्लीचा मे महिना. धौला कुआँपर्यंत शेजारी कोणीतरी होतं, तिथून पुढे अख्खी सीट मला मिळाली.

सोसायटीत उघडी माती उरली होती ती अध्यक्षांच्या तारेच्या आतच. दुपारी कूलर लावून सगळे झोपले होते. मी खुरपं घेतलं, तार ओलांडली, हिरवळीची एक लादी उचलली, खाली उकरलं, पिशवी रिकामी केली आणि लादी परत बसवली. इतकं सरळ काम मी सरकारी नोकरीतही केलं नव्हतं. वर येऊन आंघोळ केली आणि वर्षभरानं मला झोप लागली.

दोन-चार दिवसांत वास सुटला. तो शक्यतेचा वास नव्हता. अध्यक्षांच्या दिवाणखान्याची खिडकी बरोबर वर होती. त्यांनी तातडीची सभा बोलावली. ह्या वेळी ताट फिरवायची गरज पडली नाही, सगळे नाकाला रुमाल लावूनच बसले होते. अध्यक्ष म्हणाले, “मी तेव्हाच सांगत होतो.” कोणीतरी शंका काढली की खड्डे मागच्या बाजूला होते आणि वास पुढून येतो आहे. त्यावर आमच्यातले एक निवृत्त अभियंते उठले आणि त्यांनी समजावलं की वरून सिमेंट पडल्यामुळे जुन्या खड्ड्यांतला वायू कोंडला जातो, जमिनीखालून वाट काढतो आणि जिथे माती मोकळी असेल तिथे बाहेर येतो. सगळ्यांना पटलं. मला स्वतःला क्षणभर पटलं. मागे आणखी एक सिमेंटचा थर द्यायचं एकमतानं ठरलं, आणि जो माणूस गुडगावला बसून एक साल टाकायला जागा शोधत होता, त्याच्या निष्काळजीपणाबद्दल सभेनं खेद नोंदवला. खेद नीट शब्दांत मांडायचं काम सचिवाचं असतं. ते मी केलं. संपादक मंडळानं दुसरं काही छापलं नाही तरी एवढं छापावं, की तो वास माझा होता.

सिमेंट ओतून झालं आणि मी पुन्हा गुडगावला गेलो. ह्या वेळी हिनं पाठवलं नव्हतं. ते बाल्कनीत होते. मी खाली बघत सगळं सांगितलं, तार, खुरपं, अभियंते, खेद.

“सुकी पानं घातली होतीत वर?” सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग येणारच वास.” त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. “आणि सभेत तुम्ही काय म्हणालात?”

“काही नाही.”

“म्हणजे नावापुरता मी अजून तिथेच आहे म्हणायचं,” ते म्हणाले, आणि हसले. मग आत गेले. मला वाटलं, आता मुलगी येईल आणि बाबा झोपले म्हणून सांगेल. पण तेच बाहेर आले, दोन्ही हातांत पिशव्या, एक जड, एक हलकी, फुगलेली. जड पिशवीला फ्रीजचा गारवा होता. हलकीत खालच्या रस्त्याकडेनं वेचून आणलेली सुकी पानं होती.

“एक थर हिच्यातला, एक थर तिच्यातला,” ते म्हणाले आणि दोन्ही बंद माझ्या बोटांत अडकवले. “एकदा माझ्या नावावर खपलं, सचिवसाहेब. दर वेळी नाही खपायचं.”